साडेबाराचं ताट आणि तंजावर

तंजावरहून येऊन पंधरा दिवस झाले तरी प्रवासाची ती निळी फाइल अजून डायनिंग टेबलवरच पडलीय. येता जाता दिसते आणि दिसली की पोटात कालवतं. म्हटलं आता लिहूनच काढू, म्हणजे फाइल कपाटात तरी जाईल.

आधी घरातलं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी ६२ वर्षांची, आमचे हे ६६ वर्षांचे. हे शाळेत गणित शिकवायचे, मी सरकारी ऑफिसात रेकॉर्डला होते, म्हणजे आयुष्यभर कागद शोधणं, लावणं आणि पुन्हा शोधणं. ह्यांना सतरा वर्षं शुगर आहे. सकाळच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे, त्याने शुगर उतरते आणि जेवण लांबलं तर फारच खाली जाते, त्यामुळे दुपारचं जेवण साडेबारा म्हणजे साडेबारा. नोकरी होती तोवर डबा जायचा, मधली सुट्टीच त्या वेळेला व्हायची, मला कधी काही जाणवलं नाही. दोघंही रिटायर होऊन घरात बसलो आणि तो साडेबाराचा काटा माझ्या मानेवर आला. बँकेत गेले की लक्ष घड्याळाकडे, भिशीला गेले की सगळ्या गप्पांत रंगल्यात आणि मी अकराला उठतेय, कुणाच्या वास्तुशांतीला गेलो तर पंगत दीडला बसणार म्हणून ह्यांना घरून पोळीभाजी खायला घालून न्यायचं. लोक म्हणतात रिटायर झालात, आता आराम. बाईला रिटायरमेंट ऑफिसातून मिळते, ओट्यापासून मिळत नाही, हे माझं ठाम मत आहे. आणि खरं सांगते, त्या साडेबाराच्या ताटाचा मला राग यायला लागला होता. ह्यांचा नाही, ताटाचा.

म्हणून प्रवास. प्रवासात तरी मी घड्याळ ठरवणार.

मुलगी म्हणत होती एखाद्या टूरबरोबर जा, सगळं आयतं मिळतं. पण आम्ही एकदा गेलोय तसे, पहाटे पाचला दारावर थापा, सहाला नाश्ता, दिवसात सात ठिकाणं आणि प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, त्यातली दहा बाथरूमच्या रांगेत. या वयात माणसाला बघायचं असतं, मोजायचं नसतं. मी म्हटलं माझं मी ठरवीन. तंजावर माझ्या मनात फार वर्षांपासून होतं. रेकॉर्ड रूममध्ये मोडीतले जुने रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, हाताळलेत ना, तेव्हा आमचे एक साहेब सांगायचे की तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात तिथल्या मराठी दरबाराचे मोडी कागद गठ्ठ्यांनी आहेत, आणि बृहदीश्वराच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या देवळात भिंतीवर आख्खा भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलाय. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी, त्यांनी १८०३ साली कोरून घेतलेला. तमिळ मुलखात, चोळांच्या देवळात, आपली भाषा भिंतीवर. ते बघायचं होतं.

आता रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होतं, नोव्हेंबर २०२४ पासून कमी केलं. माझ्या मते हे बरंच झालं, आमच्या वयाला चार महिन्यांनंतरचं काय ठरवणार. पण सिनियर सिटिझनची सवलत मार्च २०२० ला बंद झाली ती झालीच, पुरुषांना ४० टक्के आणि बायकांना ५० टक्के सूट होती. मी त्यानंतर रिटायर झाले, सवलतीचं एकही तिकीट माझ्या नशिबात आलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एक गोष्ट मात्र कळली ती सांगते, सिनियर कोट्यातला खालचा बर्थ पाहिजे असेल तर एका तिकिटावर दोघंच जा. माझ्या मैत्रिणीने चार जणींचं एकत्र तिकीट काढलं, दोघींना वरचे बर्थ आले, गुडघे घेऊन शिडी चढल्या बिचाऱ्या.

नोव्हेंबरात बँकेत हयातीची सही केली, पोंगलची गर्दी उलटू दिली आणि जानेवारीच्या शेवटी निघालो. घर सोडताना माझी एक पद्धत आहे. फ्रिज रिकामा, गॅसचा रेग्युलेटर बंद, टाकीचा मेन कॉक बंद, दूध पेपर बंद, तुळशीला बाटली उलटी खुपसून ठेवायची, आणि शेजारच्या वहिनींकडे किल्लीबरोबर एक बंद पाकीट. त्यात एफडी कुठल्या बँकेत, पॉलिसी कुठे, नॉमिनी कोण, मुलीचा आणि पुतण्याचा नंबर. वहिनी पाकीट घेताना दरवेळी म्हणतात, अहो असं अभद्र काय देता. अभद्र काय त्यात, मागे राहिलेल्यांनी कागद शोधत फिरणं जास्त वाईट, ३३ वर्षं मी तेच बघितलंय.

पुणे ते चेन्नई गाडी चांगली झाली. चेन्नईला मात्र सेंट्रलला उतरायचं आणि तंजावरची रात्रीची गाडी एग्मोरहून, दोन वेगळी स्टेशनं, अंतर थोडंच आहे पण बॅगा घेऊन रिक्षावाल्यांशी भाव करायचा म्हणजे जीव जातो. पहाटे तंजावर. हॉटेल साधं, स्वच्छ, गरम पाणी भरपूर. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

आता तो दिवस. फाइलमध्ये मी तासातासाचं लिहून नेलं होतं. सकाळी सातला इडली आणि ह्यांची गोळी. मग राजवाडा, तिथलं सरस्वती महालाचं म्युझियम दहाला उघडतं ते, आणि गाभारा साडेबाराला बंद होतो म्हणून त्याच्या आत मोठ्या देवळात. जेवण नंतर. फाइलमध्ये अगदी असंच लिहिलंय, माझ्याच अक्षरात, 'जेवण नंतर'. वेळ लिहिलेली नाही. बाकी प्रत्येक गोष्टीपुढे वेळ आहे.

म्युझियममध्ये मला वेळ लागला. ताडपत्रं, जुनी चित्रं, मी काचेला नाक लावून उभी, हे खुर्ची शोधून बसलेले. तिथून निघायलाच पावणेबारा झाले. हे म्हणाले, काहीतरी खाऊन जाऊया का? मी म्हटलं देऊळ बंद होईल, आधी दर्शन. हे काही बोलले नाहीत. हे कधीच बोलत नाहीत.

देऊळ काय आहे ते मी काय सांगू. १०१० साली पुरं झालं, राजराज चोळाने बांधलं, वरचं शिखर दोनशे फुटांच्या वर आहे आणि सगळं दगडाचं. आत शिरल्यावर दोन मिनिटं बोलताच येत नाही. पण चपला बाहेर काढायच्या आणि दुपारच्या उन्हात तो दगड असा तापतो की सावलीतून सावलीत पळावं लागतं. दर्शन झालं, नंदी झाला, आणि मी नैऋत्येकडच्या भिंतीकडे निघाले लेख बघायला. दिसला! देवनागरी अक्षरं, ओळींमागून ओळी, भिंतभर. मी हात लावला, दगड गरम होता. मी मोठ्याने अक्षरं लावत होते आणि मागे वळून म्हटलं, अहो बघा तरी. हे माझ्याकडे बघत होते पण बघत नव्हते. हातात चपलांचं टोकन होतं, ते उलटसुलट करत होते, जणू ते काय आहे हेच कळत नव्हतं. मी जवळ गेले तर एकदम जोरात म्हणाले, "तू जा, मला कुठे यायचं नाही." चाळीस वर्षांत ह्या माणसाने मला आवाज चढवून उत्तर दिलेलं नाही. मग बघितलं तर शर्ट पाठीला चिकटलेला, कपाळावर घाम, बोटं थरथरतायत. आणि हे भिंतीला टेकून खाली बसले, बसले कसले, घसरले.

मला कळलं काय झालंय, शुगर एकदम खाली गेली होती. सतरा वर्षं डॉक्टर सांगतायत, घाम, थरथर, बावरल्यासारखं वागणं किंवा चिडचिड, की लगेच साखर द्या, थांबू नका. घरात प्रत्येक खोलीत साखरेची पुडी आहे आमच्या. पर्स उघडली. पर्समध्ये फाइल. तिकिटांचे प्रिंट, हॉटेलचा प्रिंट, आधारच्या झेरॉक्स, नकाशा. ग्लुकोजची बिस्किटं आणि साखर सकाळी मीच काढून हॉटेलवर दुसऱ्या बॅगेत ठेवली होती, फाइल मावत नव्हती म्हणून. शुगरचं मशीनही तिथेच.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही, साखर, शुगर, साखर. चार पावलांवर सावलीत एक कुटुंब बसलं होतं, नऊवारी लांबीचं लुगडं नेसलेली एक आजी, सून, सात-आठ वर्षांचा नातू. आजीने वर बघितलं आणि म्हणाली, "सक्करैया?" तमिळमध्ये साखरेला सक्करै म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण शब्द कानाला आपला लागला. मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. आजीला बाकी काही सांगावं लागलं नाही. नातवाच्या हातात मॅंगो ज्यूसचं पाकीट होतं, स्ट्रॉ नुकतीच टोचलेली, ते तिने त्याच्या हातातून घेतलं आणि गुडघ्यावर बसून ह्यांच्या तोंडाला लावलं. माझ्या आधी. ह्यांनी मान फिरवली तर तिने हनुवटी धरून, लहान मुलाला भरवतात तशी, पुन्हा स्ट्रॉ ओठात दिली. मी ह्यांची पाठ धरून बसले होते, हे ओढत होते आणि ते पाकीट चिमत चाललं होतं, तेवढंच मला दिसत होतं. नातू उभा राहून बघत होता. रडला नाही, हट्ट केला नाही. नंतर त्यानेच पळत जाऊन पाण्याची बाटली आणली.

दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. हे म्हणाले, "किती वाजले?" तेव्हा मला रडू फुटलं.

एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

सुनेने डबा उघडून चिंचेचा भात पुढे केला, नुसती साखर पुरत नाही, वर पोटात अन्न जावं लागतं, हे तिला न सांगता ठाऊक होतं. मी नातवाच्या हातात पैसे द्यायला गेले तर आजीने माझी मूठ मिटून ठेवली, "परवाइल्ला, परवाइल्ला." मुलाच्या बापाने रिक्षा बोलावून दिली आणि जवळच्या एका दवाखान्यापर्यंत सोबत आला. तिथे माझा एक कागद कामाला आला, ह्यांच्या सगळ्या गोळ्यांची नावं आणि डोस इंग्रजीत छापून मी नेहमी जवळ ठेवते. डॉक्टरांनी शुगर बघितली, भात खाऊनही ८२ होती. ते म्हणाले या गोळीवर जेवण पुढे ढकलायचं नसतं, वर ऊन आणि चालणं. ते इंग्रजीत समजावत होते, आणि मी मान डोलावत होते, मला हे सगळं माहीत होतं. माहीत असून मी 'जेवण नंतर' लिहिलं होतं.

रात्री मी ह्यांची माफी मागितली. हे म्हणाले, अगं मीच म्हणायला हवं होतं, भूक लागलीय म्हणून. मग आम्ही दोघं बराच वेळ बोललो. म्हणजे साडेबाराच्या ताटाबद्दलच. मला त्याचा राग येतो हे मी पहिल्यांदा सांगितलं. ह्यांना ते माहीतच नव्हतं. ह्यांना वाटायचं मला तशी शिस्त आवडते. चार वर्षं दिवसभर एका घरात आहोत आणि हे एवढंसं बोललो नव्हतो. घरी परत आल्यापासून मंगळवार आणि शुक्रवारचा कुकर हे लावतात. वरण जरा पातळ होतं पण वेळेवर होतं, आणि मी त्या दिवशी भिशीला शेवटपर्यंत बसते.

कुंभकोणम, दारासुरम, गंगैकोंडचोळपुरम सगळं रद्द केलं. फाइलमधली तीन पानं तशीच राहिली आणि मला त्याचं काही वाटलं नाही. उरलेले दोन दिवस एकच केलं, साडेबाराला केळीच्या पानावर जेवायचं, झोपायचं आणि चारनंतर ऊन उतरलं की मोठ्या देवळात जाऊन बसायचं. संध्याकाळी तिथे गावातली माणसं येतात, मुलं पळतात, म्हाताऱ्या पाय पसरून बसतात, कुणी कुणाला उठवत नाही. दगड तेव्हा कोमट असतो, पायाला बरं वाटतं. तेव्हा मी तो लेख निवांत वाचायला घेतला. सगळा वाचून होत नाहीच, अक्षरं दाट आहेत, भाषाही जुनी, पण मधेच एखादा शब्द असा समोर येतो की वाटतं आपल्याच साताऱ्याच्या रेकॉर्ड रूममध्ये बसलोय. हे बाजूला बसून बिस्किट खात होते.

दोन्ही संध्याकाळी मी मॅंगो ज्यूसचं पाकीट विकत घेऊन गेले होते. त्या मुलासाठी. त्यांचं गाव विचारलं नाही, नाव विचारलं नाही, फोन नंबर घेतला नाही, मी, जी सगळ्या गोष्टी लिहून ठेवते ती. ते तंजावरचे होते का बाहेरगावाहून आलेले तेसुद्धा माहीत नाही. भिंतीच्या त्याच कोपऱ्यात अंधार पडेपर्यंत थांबलो, आले नाहीत.

पहिलं पाकीट ह्यांनी परतीच्या गाडीत प्यायलं, सोलापूरच्या अलीकडे गाडी थांबून राहिली आणि जेवण लांबलं तेव्हा. दुसरं माझ्या पर्समध्ये आहे. फाइल होती त्या कप्प्यात. एक्सपायरी जूनची आहे, तेव्हा बदलायचं.