तेव्हा माझी माया कुठे गेली होती?

झोप येत नाहीये, म्हणून लिहून टाकते. संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला, कामावरून काढलंय, घरभाडं दोन महिन्यांचं थकलंय, बोलता बोलता रडायलाच लागली आणि मी तासभर नुसती ऐकत होते. फोन ठेवल्यावर चर्रर्र झालं, कारण मागच्या वर्षी हिचाच असा फोन आला होता तेव्हा 'अगं टेन्शन सगळ्यांनाच असतं' म्हणून मी दोन मिनिटांत कट केला होता. तेव्हा माझी नोकरी गेलेली, रात्री तीनला जाग यायची आणि डोक्यात एकच हिशोब, पुढच्या महिन्याचं काय. आता पगार सुरू आहे, डोक्यावरचं छप्पर पक्कं आहे. बाई मी तीच ना?

मिनेसोटा विद्यापीठातला १९४४-४५ चा तो प्रयोग सारखा आठवतोय. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना परत कसं उभं करायचं हे कळावं म्हणून ३६ तरुण आपणहून अर्धपोटी राहिले. आणि ही पोरं कोण, तर हातात शस्त्र घ्यायला नकार दिलेली! दुसऱ्याच्या दुःखासाठी स्वतः उपाशी राहायला तयार झालेली पोरं, पण सहा महिन्यांत तीच एकमेकांवर खेकसायला लागली, एकलकोंडी झाली, दिवसरात्र डोक्यात फक्त खाणं. त्यांना स्वार्थी कोण म्हणेल?

पण हेही खरंय की काही नसलेली माणसंसुद्धा घासातला घास देतात, मी बघितलंय. त्यामुळे मला वाटतं खिसा रिकामा असण्यापेक्षा उद्याची भीती माणसाला जास्त आक्रसून टाकते, ती डोक्यात एवढी जागा अडवते की समोरच्याचा चेहरा दिसतच नाही. फिनलंडने २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षं २००० बेरोजगारांना दरमहा ५६० युरो दिले, काही अट नाही, काम मिळालं तरी चालूच. त्यांचा ताण कमी झाला हे समजू शकते, पण इतर माणसांवरचा विश्वासही बाकी बेरोजगारांपेक्षा जास्त दिसला, हे मला फार आवडलं. कोणी त्यांना चांगुलपणावर लेक्चर दिलं नव्हतं, फक्त महिन्याची एक काळजी थोडी हलकी केली होती.

आज मी तिला धीर धर, होईल सगळं नीट असं बरंच बोलले. भाड्याचं विचारायचं मात्र राहिलंच. सकाळी उठल्या उठल्या एका महिन्याचे तरी पाठवते, बाकीचं बोलणं मग करू.