वाफसा, व्यतिकरण आणि तुमचा प्रश्न

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. परभणी जिल्ह्यातल्या शाळांमध्ये मी तीस वर्षे विज्ञान शिकवले. पालकसभेत, लग्नाच्या मांडवात, एसटीच्या बाकावर, जिथे ओळख निघेल तिथे एकच प्रश्न माझ्यासमोर येत राहिला : “बाई, विज्ञान म्हंजे नेमकं काय हो? अन् ही एवढी शास्त्रं, एवढे अवघड शब्द लेकरांना कशापायी?” या प्रश्नाला मी आजवर घाईघाईने, अर्धेमुर्धेच उत्तर देत आले. प्रश्न त्याहून मोलाचा आहे.

आपण ‘शास्त्र’ आणि ‘विज्ञान’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, पण त्यांचे माहेर वेगळे आहे. ‘शास्त्र’ हा शब्द ‘शास्’ या धातूवरून आला. शासन, शिष्य हे शब्दही त्याच घरातले. त्यात सांगण्याचा, आज्ञेचा भाव आहे. म्हणूनच घरात आपण ‘शास्त्रापुरते दोन घास खा’ म्हणतो, आणि एखाद्या विधीचे कारण विचारले की ‘शास्त्र आहे ते’ एवढ्यावर विषय मिटतो. ‘विज्ञान’ हा शब्द ‘ज्ञा’ म्हणजे जाणणे या धातूला ‘वि’ लागून झाला आणि त्यात वेगळेपण ओळखून, बारकाईने जाणण्याचा अर्थ आहे. पैठणजवळच्या आपेगावचे ज्ञानदेव ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात प्रपंचाच्या ज्ञानाला विज्ञान म्हणतात. त्यांच्या दृष्टीने ते अंतिम ज्ञान नव्हे, हे मी लपवत नाही. परंतु माती, पाऊस, उजेड, ताप, धान्याला लागलेली कीड या सगळ्या प्रपंचाचे ज्ञान म्हणजे विज्ञान, हा अर्थ मला आजही अगदी जवळचा वाटतो.

विज्ञानाचा पहिला धडा मला वडिलांनी शेतात दिला, तेव्हा त्यांना तो विज्ञानाचा धडा आहे हे ठाऊक नव्हते. मृगाचा पहिला दणकट पाऊस होऊन गेला होता आणि शेजारच्या काकांनी पेरणीची तिफण जुंपायची तयारी केली होती. वडिलांनी बांधावरून खाली उतरून वरची माती बाजूला सारली, आतली मूठभर काळी माती उचलली, मुठीत घट्ट दाबून तिचा गोळा केला आणि छातीइतक्या उंचीवरून तो खाली सोडला. गोळा जमिनीवर आपटून चपटा झाला, पण फुटला नाही. वडील म्हणाले, “वाफसा नाही अजून.” मग रानाच्या उंचवट्यावर जाऊन त्यांनी तेच केले, कारण तिथले पाणी लवकर निथळते. तिसऱ्या दिवशी गोळा पडताच त्याचा भुगा झाला आणि मगच तिफण रानात गेली. ओल्या काळ्या मातीत घाई केली तर फण चिखलाने भरतात, माती दबून घट्ट होते आणि बियाणे कुजते. मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाणी आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असणे म्हणजे वाफसा, हे मी पुढे पुस्तकात वाचले. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यातही शब्द तोच असतो : वाफसा आल्यावर पेरणी करावी.

त्या गोळ्यात मला विज्ञानाची सगळी लक्षणे दिसतात. एक अंदाज आहे, तो पडताळण्याची रीत आहे, ती रीत लहान मुलालाही करून पाहता येते, आणि पडताळा वेगळा आला तर वडीलधाऱ्या माणसाचा अंदाजही मागे घ्यावा लागतो. काकांची तिफण थांबली ती वडिलांचा अधिकार मान्य होता म्हणून नव्हे. गोळा त्यांच्या डोळ्यांदेखत फुटला नाही म्हणून थांबली.

आता एवढ्या शाखा कशाला, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. किल्लारीची आठवण काढल्याशिवाय मला त्याचे उत्तर देता येत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, आदल्या दिवशीचे गणेश विसर्जन आटोपून माणसे गाढ झोपेत असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जमीन हादरली आणि हजारो माणसे आपल्याच घराखाली गेली. तो भूकंप एकच होता, पण त्याने उभे केलेले प्रश्न एका जातीचे नव्हते. दख्खनच्या या स्थिर समजल्या जाणाऱ्या कातळात खोलवर ताण साठला कसा, हे भूगर्भशास्त्राने विचारले. लहरी कुठून निघाल्या, ती जागा म्हणजे भूकंपनाभी किती खोल होती, तिच्या थेट वर जमिनीवरचे अपिकेंद्र कोणते, हे भूकंपशास्त्राने विचारले; नाभी उथळ होती, म्हणून वरचा हादरा इतका जबर बसला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरचे जड माळवद यांनी इतके जीव का घेतले, हे स्थापत्य अभियांत्रिकीने विचारले. वाचलेल्या माणसांची झोप का उडाली, हा प्रश्न मानसशास्त्राकडे गेला. म्हणून मी मुलांना सांगत असे की शाखेचे नाव म्हणजे प्रश्नाच्या जातीचे नाव आहे. नाव पाठ झाले आणि प्रश्न कळला नाही, तर हातात काहीच उरत नाही.

ही नावे मन लावून वाचली तर ती बोलू लागतात. ‘भूमिती’त मिती म्हणजे मोजणे आहे, आणि जॉमेट्री या ग्रीक वळणाच्या शब्दाचा अर्थही जमीन मोजणे हाच आहे. शेती करून दाखवण्याच्या अंगाला आपण ‘कृषिविद्या’, ‘उद्यानविद्या’ म्हणतो, कारण विद्येत हाताचे कसब येते. माझे आजोबा निजामाच्या राजवटीत शिकले. 1948 पूर्वीच्या मराठवाड्यात वरचे शिक्षण उर्दूतून होते, त्यामुळे भूगोलाला ते शेवटपर्यंत ‘जुगराफिया’ म्हणत आणि रसायनशास्त्राला ‘कीमिया’. हाच शब्द मराठीत ‘किमया’ होऊन जादूच्या अर्थाने राहिला आणि अरबीतून युरोपात जाऊन केमिस्ट्री झाला. आजोबांचा हा एक शब्द उलगडून दाखवला की वर्गातली मुले रसायनशास्त्राच्या तासाला वेगळ्या नजरेने बसत.

शब्द अवघड आहेत, ही तक्रार मात्र मी पूर्णपणे खोडून काढणार नाही. खरी अडचण संस्कृत वळणाची नाही. घरातला शब्द आणि पुस्तकातला शब्द यांची गाठ कोणी घालून देत नाही, ही आहे. खताच्या दुकानात बाप नत्र, स्फुरद आणि पालाश मागतो. मुलगा त्याच संध्याकाळी नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशियम पाठ करत बसतो, आणि घरात एकाच वस्तूची दोन नावे चालली आहेत हे दोघांनाही कळत नाही. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर ‘सेंद्रिय कर्ब’ लिहिलेले असते. तो कर्ब म्हणजे पुस्तकातला कार्बन, हे सांगायला एक वाक्य पुरते. स्फुरद म्हणजे स्फुरणारे, लकाकणारे. पांढरा फॉस्फरस अंधारात मंद उजळतो हे सांगितले की तो शब्द पुन्हा विसरत नाही.

याबाबतीत माझ्या हातून झालेली एक चूक मला सांगितलीच पाहिजे. हिंदी माध्यमातून आलेल्या एका मुलाने उत्तरपत्रिकेत पाण्याचा ‘अणू’ दोन प्रकारच्या ‘परमाणूंचा’ बनतो असे लिहिले आणि मी त्यावर लाल फुली मारली. मराठीत ज्याला आपण अणू म्हणतो त्याला हिंदीत परमाणु म्हणतात, आणि आपला रेणू म्हणजे त्यांचा अणु. मुलाला विज्ञान नीट कळले होते. माझी फुली चुकली होती. पुढच्या तासाला सगळ्या वर्गासमोर ती मी दुरुस्त केली. त्यानंतर शब्द तपासण्याआधी त्या मुलाला त्या शब्दाने काय म्हणायचे आहे, ते मी विचारू लागले.

अलीकडे हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथचे नाव पुष्कळांच्या तोंडी असते, कारण तिथे गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-आक्रसत जाणारे तरंग, टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. 2023 साली केंद्र सरकारने तिला अंतिम मंजुरी दिली. त्या बाजूची नववीतली एक मुलगी सुट्टीत माझ्याकडे आली आणि वर्तमानपत्राच्या कात्रणातल्या ‘व्यतिकरणमापी’ या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, “बाई, हे वाचताच येईना गेलंय.” मी तिला अंगणातल्या हौदाशी नेले. व्यतिकर म्हणजे एकमेकांत मिसळणे, एवढे सांगून मी दोन बोटे पाण्यात एकाच लयीत बुडवू लागले. दोन्हींकडून निघालेली वर्तुळे एकमेकांत शिरली. काही ठिकाणी पाणी दुप्पट उचलले जाऊ लागले आणि काही ठिकाणी जवळजवळ स्थिर राहिले. तिथे औंढ्याला पाण्याऐवजी लेसरचा प्रकाश असेल, तो दुभंगून चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंतून जाऊन परत येईल आणि एकमेकांत मिसळेल, आणि अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाहूनही लहान असा बाहूंच्या लांबीतला फरक त्या मिसळण्यातून ओळखायचा असेल, हे मी तिला सांगत होते. तिचे लक्ष पाण्याकडे होते. थोड्या वेळाने तिने माझा हात बाजूला केला, स्वतःची दोन बोटे पाण्यात घातली आणि पाणी कुठे कुठे हलत नाही ते ती शोधू लागली.