लाल त्रिकोणाचं बटण

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीतून पुण्याला येत होतो. धुकं एवढं की बॉनेटच्या पुढचं काही दिसेना, आणि पुढच्या गाडीचे चारी इंडिकेटर टिकटिक चालू, मग मीही डॅशबोर्डवरचं लाल त्रिकोणाचं बटण, म्हणजे हॅझर्ड लाईट, दाबलं. (खरं तर चालत्या गाडीत ते लावू नये, मागच्याला कळत नाही की तुम्ही उभे आहात की चाललाय, आणि वळणार असाल तर तेही कळत नाही, पण घाटात सगळेच लावतात म्हणून आपणही.) मागून लेकीने विचारलं, बाबा, हॅझर्ड म्हणजे काय? म्हणलं, धोका. तर म्हणे, म्हणजे चीटिंग? हिंदी सिरीयलची कृपा. तिकडचा धोखा फसवतो, आपला धोका नुसता समोर उभा असतो, हे तिला समजावेपर्यंत दोन वळणं गेली.

घरी येऊन डिक्शनऱ्या चाळल्या तर निघालं काय, फासे! हॅझर्ड हा मुळात दोन फाशांचा जुगार. टाकणाऱ्याने आधी ५ ते ९ मधला एक आकडा बोलायचा, मग फासे टाकायचे, तोच आकडा पडला तर जिंकला, २ किंवा ३ चं दान पडलं की गेला, बाकीच्या आकड्यांचे नियम इतके किचकट की मी दोनदा वाचून सोडून दिले. त्या भिकार दानाला क्रॅब्ज म्हणायचे, म्हणजे खेकडे, आणि अमेरिकेतल्या कॅसिनोत आज जो क्रॅप्स खेळतात तो ह्याच खेळाचा सोपा अवतार.

शब्द इंग्रजीत आला फ्रेंचमधून, आणि त्याच्या मागे अरबी 'अझ-झहर' म्हणजे फासा, असं बरेच जण सांगतात. गोम अशी की जुन्या अरबीत झहर म्हणजे फूल, फासा हा अर्थ तिथे सापडतच नाही, मग फाशाच्या एका बाजूला फूल कोरलेलं असायचं अशी जुळवाजुळव झाली. दुसरी गोष्ट १२व्या शतकातल्या विल्यम ऑफ टायर ह्या इतिहासकाराच्या नावावर आहे. सीरियात हसार्त नावाच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेले क्रुसेडवाले, म्हणजे धर्मयुद्धाला आलेले युरोपियन सैनिक, कंटाळले आणि त्यांनी टाईमपास म्हणून हा खेळ काढला, म्हणून किल्ल्याचंच नाव खेळाला. भाषावाले ह्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत, पण मला हीच आवडते. महिनोन् महिने वेढ्यात बसून माणूस दुसरं करणार तरी काय.

गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये हा शब्द अजून बिनघोर आहे. 'पार आझार' म्हणजे सहज, योगायोगाने, रस्त्यात शाळेतला मित्र भेटला तरी पार आझारच. इंग्रजांनी मात्र १६व्या शतकापासून त्यातलं चांगलं दान काढून टाकलं आणि वाईट तेवढं ठेवलं. बिलियर्ड्सच्या टेबलावर तेवढा जुना अर्थ टिकलाय, तिथे बॉल पॉकेटमध्ये गेला की तो हॅझर्ड, आणि दुसऱ्या बॉलला लागून आपला स्वतःचा बॉल आत गेला तर तो लूझिंग हॅझर्ड, तरी मार्क मिळतात! आपल्याकडे कसं, दान मनासारखंही पडतं आणि फासे उलटेही पडतात, दोन्ही बाजू शाबूत.

विमावाल्यांचा एक मॉरल हॅझर्ड असतो. म्हणजे नुकसान दुसरा भरणार म्हणल्यावर माणूस बेफिकीर होतो. ह्याचा चालताबोलता नमुना आमचा मेहुणा. झीरो डेप पॉलिसी (पार्ट बदलताना झीज न कापता भरपाई देणारी) घेतल्यापासून गल्लीत अशी रिव्हर्स मारतो की कुंड्या हलवाव्या लागतात, मागचा बंपर दोनदा बदलून झाला, आणि काही बोललं की, 'अहो दाजी, झीरो डेप आहे!'

बाकी आमच्या गॅरेजवाल्याला ह्यातलं हॅझर्ड वगैरे काही माहीत नाही, तो त्याला डबल इंडिकेटर म्हणतो. आणि त्या दिवशी धुकं मुळशीलाच संपलं होतं, मी आपला तसाच टिकटिक करत पिरंगुटपर्यंत आलो, शेवटी एक स्कूटरवाले काका काचेवर टकटक करून ओरडले, 'ओ साहेब, पार्किंग बंद करा की!'