वापसा आला की बी टाका

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत गुरुजींच्या छडीच्या, स्नेहसंमेलनाच्या आठवणी बाकीचे लिहितीलच. आम्ही कार्यानुभवाच्या तासाचे विद्यार्थी. शाळेमागच्या वाफ्यांत जे हाताला लागले आणि पुढे घरच्या परसबागेत कामी येत राहिले, तेवढेच इथे मांडतो. आता शालेय पोषण आहारासाठीही शाळाशाळांत परसबागा होत आहेत, म्हणून आठवण कमी आणि रीत जास्त.

मराठवाड्यात बी उगवले नाही की आधी दुकानदाराला शिव्या बसतात. पुष्कळदा दोष वापशाचा असतो. वापसा म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, पेरणीजोगी ओल. आपली काळी माती भिजली की फुगते, तिच्यातली हवा निघून जाते आणि बी सडते. वाळली की वर टणक खपली धरते. भेंडी, गवार, दोडका यांचा कोंब मान वाकवून वर येतो. ती वाकलेली मान खपलीला टेकून जोर लावते. खपली पातळ असेल तर झाकणासारखी उचलली जाते. जाड असेल तर मान मोडते आणि दोन्ही दले मातीतच राहतात. वरून पाहणाऱ्याला वाटते, बी खोटे निघाले. आठवडा उलटूनही काही दिसत नसेल तर नखाने खपली अलगद उकरून पाहा, तेव्हा खरे कळते.

वापसा ओळखायला चार बोटे खालची मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. फुटून विखुरला तर वापसा आला. चपटा होऊन पडला तर अजून एक-दोन दिवस थांबा. गोळाच वळत नसेल तर पाणी द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

गादीवाफा मीटरभर रुंद आणि वीतभर उंच. जास्त रुंद केला की मधले गवत काढताना पाय वाफ्यातच पडतो. चौरस मीटरला दोन-अडीच किलो पूर्ण कुजलेले शेणखत पुरे. अर्धेकच्चे खत म्हणजे मुळे खाणाऱ्या हुमणी अळीला आवतण. बी झाकायला मात्र वाफ्यातली माती घेऊ नका. चाळलेले शेणखत आणि वाळू समभाग मिसळून तेच वरून पसरा. हे मिश्रण खपली धरत नाही. एवढ्या एका बदलाने आमची निम्मी तक्रार मिटली.

खोलीचा हिशेब सोपा आहे: बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. मिरची, वांगी, टोमॅटो अर्धा ते एक सेंटिमीटर, मेथी एक, भेंडी-गवार दोन. भारी जमिनीत याहून खोल जाऊ नका.

जुने बी पाण्यात टाकून तरंगते ते फेकायची पद्धत आहे, पण ती फसवी. दुधी-भोपळ्याच्या टरफलात हवा असते, चांगले बीही तरंगते. त्यापेक्षा दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि मोड मोजा. सात आले तर एका जागी दोन बिया टाका. चारच आले तर ते बी सोडून द्या. कांद्याचे बी वर्षापुढचे घेऊच नका.

धणे आख्खे पेरू नयेत. एका धण्यात दोन बिया असतात. चपलेखाली हलके रगडून फोडायचे, बारा तास भिजवायचे, सावलीत सुकवून पेरायचे. तरी उगवायला आठ-दहा दिवस लागतात. एप्रिल-मेच्या उन्हात उगवण कमी होते आणि जे उगवते ते लगेच फुलावर येते, तेव्हा हौस करायची ती सावलीच्या जाळीखाली. कारल्याचे टरफल जाड. टोकाला नेलकटरने जरासे कापून रात्रभर भिजवा, मोड दिसला की तो खाली करून लावा. वेलवर्गीय बी जागेवरच आळ्यात लावलेले बरे, मूळ दुखावले की वेल रुसतो.

मिरची-वांग्याची रोपे कोलमडतात त्याचे कारण दाट पेरणी आणि संध्याकाळचे भरपूर पाणी. ओळीत दहा सेंटिमीटर अंतर ठेवा, पाणी सकाळी झारीने द्या. बियाण्याला किलोमागे 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची पूड), म्हणजे घरगुती पुडीला चिमूटभर. वाफा बारदानाने झाकलात तर पहिला कोंब दिसताच ते काढा. एक दिवस उशीर झाला की रोपे पिवळी, लांबट होतात आणि तशी रोपे पुढे धड उभी राहत नाहीत. बी मुंग्यांनी उचलू नये म्हणून कडेने राख टाकावी. टोमॅटोचे रोप 25 दिवसांनी, वांग्याचे पाच आठवड्यांनी, मिरचीचे सहा आठवड्यांनी हलवावे, तेही ऊन कलल्यावर.

पाण्याचे काय सांगावे! 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तो आपलाच मुलूख. बिनरंगाचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून त्याच्याभोवती वीतभर अंतरावर दुधी, दोडका लावा. मडके पाझरते तेवढेच मुळांना मिळते. तोंडावर झाकण हवेच, नाहीतर डास.

दुधीचे फूल संध्याकाळी उमलते. मधमाश्या नसतील तर नर फुलाचे परागकण, मागे छोटे फळ असलेल्या मादी फुलाला तेव्हाच लावावे. सकाळी गेलात तर फूल मिटलेले सापडेल आणि ते छोटे फळ पिवळे पडून गळेल.

संकरित वाणाचे बी धरू नका, पुढच्या पिढीत सारखेपणा राहत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाची, हळद्याला, म्हणजे पाने पिवळी पाडणाऱ्या रोगाला, तोंड देणारी म्हणून निघालेली परभणी क्रांती भेंडी मात्र सरळ वाण. तिच्या चांगल्या झाडाची एक-दोन फुले उमलायच्या आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधून ठेवा, म्हणजे दुसऱ्या भेंडीचा पराग येणार नाही. शेंग झाडावरच वाळू द्या, हलवली की खुळखुळली पाहिजे. बी सावलीत आठवडाभर सुकवून राखेत घोळा, कोरड्या बाटलीत भरा आणि आत चिठ्ठी टाका: वाण, महिना, वर्ष. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते.