तुम्ही विचारलंत म्हणून: पळताना कानात गाणी असावीत का?

साताऱ्यात पावसाळा जवळ आला की पळणारे एकदम वाढतात, हिल हाफ मॅरेथॉनची तयारी सुरू झालेली असते, आणि आमच्या ग्रुपमध्ये नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी विचारतोच, की ताई, इअरफोन लावून पळू का, गाण्यानं जास्त पळवतं म्हणतात ते खरं का. वॉर्म-अप करता करता याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

लावा. फक्त गाणं वेग वाढवायला लावू नका, वेग धरून ठेवायला लावा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पण ते का ते सांगायला हवं.

गाण्यानं फरक पडतो हे लोकांनी फार पूर्वी मोजून ठेवलंय. १९११ साली लेनर्ड एअर्स नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या सहा दिवसांच्या सायकल रेसचे आकडे मांडले, तर बँड वाजत असताना सायकलवाले सरासरी ताशी १९.६ मैलांनी जात होते आणि बँड बंद असताना १७.९ मैलांनी. लंडनच्या ब्रुनेल युनिव्हर्सिटीत कॉस्टास कारागेऑर्गिस यांनी तर कित्येक वर्षं हाच विषय लावून धरला. त्यातून कळतं ते साधारण असं, की एका वेळी आपलं लक्ष किती गोष्टींकडे जाणार याला मर्यादा असते, मांड्या भरून आल्यात, धाप लागलीय हे निरोप आणि कानातलं गाणं दोन्ही एकाच दारातून आत शिरायला बघतात, आपण आरामात पळत असलो की गाणं आधी शिरतं आणि दमणूक कमी जाणवते. जाणवते कमी, झालेली तेवढीच असते, हे मात्र कायम डोक्यात असू द्या.

आणि जोर वाढला, अगदी ढोबळ सांगायचं तर आपल्या ताकदीच्या पाऊण हिश्श्याच्या पुढे गेलो, की हे सगळं उलटतं. समर्थ मंदिराच्या पुढे यवतेश्वरचा घाट लागतो तिथे रविवारी सकाळी कधीही येऊन बघा. खाली सपाटीला पोरं मस्त ठेक्यात असतात, खांदे सैल, पाऊल हलकं. दोनतीन वळणं झाली की मान खाली जाते, तोंड उघडं पडतं, आणि एकेक जण आपण होऊन इअरफोन काढून खिशात कोंबतो, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. शरीरच इतकं जोरात बोलायला लागतं की गाण्याचा त्रास होतो. मग चढाला श्वासच ऐकायचा, तीन पावलं आत दोन पावलं बाहेर असं काहीतरी आपलं आपण बसवून घ्यायचं.

नवीन लोकांची मला काळजी वाटते ती वेगळ्याच कारणानं. पहिल्याच किलोमीटरला ढोलताशाचं काहीतरी दणकेबाज लावतात, अंगात येतं, पाय आपोआप भरभर पडतात, आणि दमलोय हे कळायला उशीर होतो कारण कळवणारा निरोप गाण्यानं अडवलेला असतो. चाळिशीनंतर पहिल्यांदा पळायला लागलेल्यांनी, बीपी-शुगरवाल्यांनी तर हे करूच नये.

त्यापेक्षा आपली पावलं मोजा. आरामात पळताना १५ सेकंदात किती पडतात ते बघा आणि चारनं गुणा, बहुतेकांची मिनिटाला १६० ते १७५ च्या आसपास येतात, भरभर चालणाऱ्यांची ११५-१२० च्या पुढेमागे. आता त्या ठेक्याची गाणी शोधा, किंवा बरोबर निम्म्या ठेक्याची, म्हणजे ८०-८७ ची, त्यात एका ठोक्याला दोन पावलं बसतात आणि ती गाणी शांत वाटतात म्हणून मला जास्त आवडतात. इथिओपियाच्या हायले गेब्रसेलासीनं १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला २००० मीटरचा इनडोअर वर्ल्ड रेकॉर्ड केला तेव्हा स्टेडियममध्ये असंच त्याच्या पावलांना जुळणारं डान्स गाणं वाजत होतं. एवढा मोठा माणूससुद्धा एकसारखं पाऊल पडावं म्हणून गाण्याचा आधार घेतो, आपण तर घ्यायलाच हवा.

हे सगळं मला सगळ्यात नीट कळलं ते मात्र वारीत. व्यायामाचा जोर ओळखायची एक सोपी टेस्ट डॉक्टर लोक सांगतात, गाता येत असेल तर हलका, बोलता येतंय पण गाता येत नाही तर मध्यम, आणि वाक्य पुरं करता येत नसेल तर जोराचा. आता दिंडी बघा, वीणेकरी, मृदंगवाले, टाळकरी, सगळे गातच चालतात, म्हणजे गाता येईल त्यापेक्षा जास्त वेग होऊच शकत नाही, अभंगच तो अडवतो. पुणे ते सासवड हा केवढा मोठा टप्पा, त्यात दिवेघाट, आणि तो साठी-सत्तरीच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन चढतात. श्रद्धा आहेच, ती कशानं मोजणार, पण त्या चालीत शरीराचाही केवढा विचार आहे हे बघून मला दर वर्षी भरून येतं. मशीनवर बघून वेग ठरवणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी दिंडीबरोबर चालावं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मी नवीन लोकांना सांगते की लांब पळायच्या दिवशी कानातलं गाणं अधूनमधून स्वतः गुणगुणा. दोन ओळी निघाल्या तर वेग बरोबर आहे, नाही निघाल्या तर हळू व्हा, घड्याळात काहीही दिसू दे. पळून झाल्यावर संथ काहीतरी लावून दहा मिनिटं चाला, श्वास लवकर जागेवर येतो.

आवाज कमी, रस्त्याच्या बाजूचा कान मोकळा, हे वेगळं सांगायला नको. आणि घाट उतरताना दोन्ही कान मोकळे ठेवा, कारण कासच्या सीझनला वळणापलीकडून येणारी गाडी दिसत नाही, तिचा नुसता आवाज येतो.