माझी अमेरिकेची पेन्शन आणि हिची पाच वर्षं

मुलुंडला आमच्या कट्ट्यावर नवीन माणूस आला की मला प्रश्न ठरलेला: "काका, नागरिकत्व घेतलं नाहीत, मग तिकडची पेन्शन इकडे कशी येते?"

येते बाबा. न्यू जर्सीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये मी १४ वर्षं काढली, ग्रीन कार्डवर. पासपोर्ट भारताचाच ठेवला. तिथल्या सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे ही पेन्शन देणाऱ्या सरकारी योजनेचा, नियम असा, की नागरिक नसलेला माणूस लागोपाठ सहा कॅलेंडर महिने देशाबाहेर राहिला की पैसे बंद. मात्र काही देशांच्या नागरिकांना यातून सूट आहे आणि त्या यादीत भारत आहे. त्यासाठी ४० क्रेडिट्स लागतात, म्हणजे साधारण १० वर्षांची नोकरी, नाहीतर तिथलं १० वर्षांचं वास्तव्य. इथली प्रॉव्हिडंट फंडाची वर्षं त्यात मिळवता येत नाहीत. दोन्हीकडची वर्षं एकत्र धरायचा भारताचा करार जर्मनीशी आहे, बेल्जियमशी आहे, अमेरिकेशी नाही.

ग्रीन कार्ड परत केलं की कराचं गणित बदलतं. रकमेच्या ८५ टक्क्यांवर ३० टक्के, म्हणजे २५.५ टक्के तिकडेच कापून घेतात. १,६०० डॉलर मंजूर असतील तर हातात १,१९२. मग इथे पुन्हा कर? नाही. दोन देशांतल्या कराविषयीच्या वेगळ्या करारानुसार या पैशावर कर लावायचा हक्क फक्त अमेरिकेचा. आमच्या सीएला ते कलम मीच छापून नेऊन दिलं, आणि त्याने ते चष्मा काढून दोनदा वाचलं.

खरी गोम बायकोच्या वाट्यात आहे. नवऱ्याच्या नोकरीच्या नोंदीवर बायकोला निम्म्यापर्यंत रक्कम मिळू शकते. पण ती नागरिक नसेल आणि भारतात राहणार असेल, तर तिने स्वतः, नवऱ्याची बायको म्हणून, अमेरिकेत किमान पाच वर्षं राहिलेलं असावं लागतं. माझी १४ वर्षं तिच्या खात्यात धरत नाहीत. ही महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. घरी माझी आई अंथरुणाला खिळलेली. मे महिन्यात येऊन जूनमध्ये शाळेसाठी परतायची, त्याला कोणी वास्तव्य म्हणत नाही. आई गेल्यावर तिने स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि तिकडे तीन वर्षं राहिली. तीनच. म्हणजे माझ्या आईचं सगळं जिने केलं, तिलाच हा नियम बाहेर ठेवतो. हे मला आजही पटत नाही.

थांबलेला वाटा पुन्हा सुरू करायची वाट आहे, पण ती वाचूनच दम लागतो. अमेरिकेत कायदेशीरपणे एक अख्खा कॅलेंडर महिना राहायचं, एक तारखेच्या पहिल्या मिनिटापासून शेवटच्या तारखेच्या शेवटच्या मिनिटापर्यंत. मी लेकीकडे राहायला जायचं सुचवून पाहिलं. "त्या डॉलरांसाठी मी थंडीत कुडकुडत महिना मोजत बसू? मला माझी पेन्शन आहे," हिचं उत्तर.

तेव्हा परतायचा विचार असेल तर आधी दोघांचे पासपोर्ट घेऊन बसा आणि बायकोची वर्षं वेगळी मोजा. वर्षभराचाच प्रश्न असेल तर तेवढं थांबून या. मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, मुंबईतल्या हॉस्पिटलचं बिल देत नाही, तेव्हा इथला मेडिक्लेमही आधीच बघून ठेवा. आणि तिकडून ७१६२ नंबरचा फॉर्म टपालाने येतो, जिवंत आहात का, पत्ता तोच का, वगैरे विचारणारा. तो भरून पाठवला नाही तर पैसे थांबतात. आमच्याकडे तो हिच्या हयातीच्या दाखल्याच्या फाइलीतच ठेवतो, कारण ती फाइल ही कधी हरवत नाही.