तुम्ही विचारलंत म्हणून: अर्ध्या तासात सांगते

"क्रूझ डायरेक्टर चांगला असला की ट्रिप चांगली होते म्हणतात. खरंच का हो?"

जहाजावरची क्रूझ डायरेक्टरची नोकरी सोडून काही वर्षं झाली, तरी हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. पहिल्यांदाच बुकिंग करणारे विचारतात, आणि दहा-बारा क्रूझ केलेले तर जास्तच खोदून विचारतात. त्यांच्याकडे दाखले तयार असतात. अमक्या फेरीतला डायरेक्टर काय धमाल होता, तमक्यातला नुसताच माइकवर ओरडायचा. मी "पडतो थोडाफार फरक" म्हणून विषय बदलते. आज बदलत नाही.

आधी माझी बाजू ऐका. जहाजावर तुमचं ज्या गोष्टींवरून बिनसतं, त्यातलं जवळजवळ काहीच डायरेक्टरच्या हातात नसतं. जेवण, केबिन, एसी, बिल हे सगळं होटेल डायरेक्टरकडे, आणि तो माझाही साहेब. बंदर, वेग, वारा कॅप्टनकडे. गायक-नर्तक कंपनीच्या ऑफिसातून ठरून यायचे, शोसुद्धा तिथेच बसवलेले. माझ्याकडे उरायचं दिवसाचं वेळापत्रक, ते चालवणारी दहा-बारा पोरं आणि माइक. बिंगो किती वाजता, ट्रिव्हिया कुठल्या लाउंजमध्ये, नाच डेकवर की आत. (ट्रिव्हियाला हसू नका. बक्षीस असतं एक की-चेन, आणि तिच्यासाठी सत्तरीतली माणसं एकमेकांच्या हातातून उत्तरपत्रिका ओढताना मी पाहिलीत. ऑक्टोपसला हृदयं किती, यावरून दोन टेबलं जी भांडली ती शेवटच्या दिवसापर्यंत बोलली नाहीत. तीन असतात.)

शिवाय जहाज केवढं, मार्ग कुठला, यावरही आहेच. २०२४ मध्ये आलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' पूर्ण भरलं तर ७,६०० च्या आसपास प्रवासी होतात. त्यातल्या कितीजणांशी डायरेक्टर बोलणार? बहुतेकांसाठी तो म्हणजे छतातल्या स्पीकरमधला आवाज. उलट 'क्वीन मेरी २' साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला निघालं की सात रात्री मध्ये बंदरच नाही. तिथे वेळापत्रक पातळ निघालं तर चौथ्या दिवशी लोक एकमेकांवर खेकसायला लागतील.

तर माझं ठरलेलं उत्तर असं: सगळं सुरळीत चाललंय तोवर डायरेक्टर चिमूटभर मिठाएवढा. मजा करायला आलेला माणूस माझ्यावाचूनही मजा करतो, आणि तोंड पाडून आलेल्याला शेवटच्या रात्रीपर्यंत हसवणं मला कधी जमलेलं नाही.

हे उत्तर खोटं नाही. पण मी ते इतक्या घाईने देते, त्याला कारण आहे. ते कारण स्टॅनलीचं.

स्टॅनली ही दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांची राजधानी. मोठी क्रूझ जहाजं तिथे धक्क्याला लागत नाहीत. बाहेर नांगर टाकायचा आणि टेंडरने, म्हणजे जहाजाच्याच लहान बोटींनी, माणसं किनाऱ्यावर सोडायची. वारा वाढला की टेंडर बंद, आणि वारा तर तिथे पाचवीला पुजलेला. स्टॅनली हुकणं ही त्या मार्गावरची नेहमीची गोष्ट. आम्ही कर्मचारी तिच्यावर कधी भरवसा ठेवायचो नाही. प्रवासी ठेवायचे.

२०१९ चा जानेवारी. जहाजावर अडीच हजारांच्या आसपास प्रवासी, त्यात अर्जेंटिनाचे बरेच. ते बेटांना माल्विनास म्हणणार, ब्रिटिश प्रवासी फॉकलंड म्हणणार. त्यामुळे आम्ही माइकवर नुसतं 'स्टॅनली' म्हणून निसटायचो. सकाळी सात दहाला ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात तिथून, कॅप्टनचा फोन आला. "वारा पस्तीस नॉट्स आहे आणि उतरायची चिन्हं नाहीत. बहुतेक होणार नाही. साडेनऊपर्यंत थांबून बघतो." तो ठेवते तोच होटेल डायरेक्टरचा. "आत्ता काही बोलू नकोस. नाश्ता होऊ दे. आत्ता सांगितलंस तर हजार माणसं रिसेप्शनवर येतील, आणि तिथे तीन मुली आहेत." त्याचं चूक नव्हतं. तिथे खरंच तीनच मुली होत्या.

साडेसातला मी माइक हातात घेतला. "सुप्रभात! वारा आज जरा लाडात आलाय, कॅप्टन त्याच्यावर नजर ठेवून आहेत, अर्ध्या तासात पुन्हा सांगते. तोवर टेंडरचे नंबर थिएटरात घ्या." माझ्यामागून माझी सहकारी तेच स्पॅनिशमध्ये. तिच्या तोंडचे 'मेदिया ओरा', अर्धा तास, हे दोन शब्द मला तेव्हापासून पाठ आहेत. आठला तेच. साडेआठला तेच. नऊला तेच, आणि वर एक विनोद.

आमचं थिएटर जहाजाच्या पोटात होतं, त्याला एकही खिडकी नव्हती. पाच-सहाशे माणसं जाकिटं चढवून, छातीवर नंबराचं गोल स्टिकर लावून बसलेली. तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर साठीची एक बाई होती. स्टिकर ४. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात पांढऱ्या प्लास्टिक मण्यांची जपमाळ आणि चिकटपट्टीचं रीळ. प्रत्येक घोषणेनंतर मी थिएटरात चक्कर मारायचे, तेव्हा सहकारीच्या मदतीने तिच्याशी बोलणं झालं. चिकटपट्टी कशाला, म्हणून विचारलं.

"वाऱ्याने उडू नये म्हणून."

तिचा भाऊ १९८२ च्या युद्धात गेला, याच बेटांवरून अर्जेंटिना आणि ब्रिटनमध्ये झालेल्या. सक्तीच्या भरतीतला, एकोणीस वर्षांचा. त्या युद्धात अर्जेंटिनाचे ६४९ जण मेले, त्यातले दोनशेहून जास्त बेटावरच, डार्विनजवळच्या दफनभूमीत आहेत. शंभराहून अधिक थडग्यांवर पस्तीस वर्षं नाव नव्हतं. 'केवळ देवाला ठाऊक असलेला अर्जेंटिनी सैनिक' एवढंच. २०१७ साली रेड क्रॉसने ती थडगी उघडून डीएनए घेतले, तेव्हा कुठे या घराला कळलं की आपला पोरगा कुठल्या क्रुसाखाली आहे. मार्च २०१८ मध्ये नातेवाइकांना विमानाने तिथे नेलं, पण आई अंथरुणाला खिळलेली म्हणून ही मागे राहिली. आता आईही नव्हती. स्टॅनलीहून डार्विन मोटारीने दीडेक तास. तिने गाडी आधीच ठरवली होती, चालक धक्क्यावर येऊन थांबला होता. वहीच्या पानावर हिशेब मांडलेला: साडेआठला उतरलो तर तिथे अडीच तास मिळतात. नऊला उतरलो तर दोन. मी घोषणा केली की ती एक ओळ खोडायची आणि खाली नवी लिहायची.

पावणेदहाला कॅप्टनने स्वतः सांगितलं. स्टॅनली रद्द, जहाज पुढे निघतंय.

तिथून माझं खरं काम सुरू झालं, आणि त्यात मी तरबेज होते. वीस मिनिटांत नवं वेळापत्रक, जादा बिंगो, दुपारी नाचाचा क्लास, संध्याकाळचा शो दोनदा. थिएटर भराभर रिकामं झालं. ती उठली नाही. माझ्या सहकारीला म्हणाली, हिला विचार, हिला कधी कळलं.

तेव्हाही मी काहीतरी ठोकून देऊ शकले असते. सकाळपासून चार वेळा ठोकलंच होतं. म्हटलं, सात दहाला. जवळजवळ.

ती चिडली नाही. तिने विचारलं, तेव्हा वरून बेट दिसत होतं का?

दिसत होतं. उजाडल्यापासून दिसत होतं. केप पेम्ब्रोकचा दीपस्तंभ, मागच्या बोडक्या टेकड्या, सगळं.

"मग मी वर उभी राहिले असते."

आम्ही तिघी डेकवर पोचेपर्यंत जहाज वळलं होतं आणि पावसाची सर मध्ये आली होती. मागे एक करडी पट्टी. ती जमीन होती की ढग, मला सांगता आलं नसतं. तिने विचारलंही नाही. पिशवी छातीशी धरून ती तशीच उभी राहिली, आणि मी अकराच्या बिंगोला गेले. हो, गेले. उशीर होत होता.

इथे तेव्हाची मी मध्ये तोंड घालते. म्हणते, वारा काय तू सोडलास? साडेसातला सांगितलं असतंस तरी ती माळ क्रुसावर चढली नसती. शिवाय कॅप्टन थांबला होता म्हणजे आशा होतीच, मग ती आधीच मारायची कशाला? आणि अडीच हजारांतल्या एकीसाठी उरलेल्यांचा नाश्ता का नासवायचा? सगळं बरोबर आहे. तिच्याशी वाद घालून मी कधी जिंकलेले नाही. मला टोचतं ते एवढंच की कॅप्टनने मला वाक्य तयार करून दिलं होतं. "बहुतेक होणार नाही, साडेनऊपर्यंत थांबून बघतो." तेच जसंच्या तसं म्हटलं असतं तर काम झालं असतं. मी त्याचा पहिला अर्धा भाग गिळला. होटेल डायरेक्टरने सांगितलं म्हणून, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. पण 'लाडात आलाय' हे त्याने सांगितलं नव्हतं. ते माझं होतं. मला तसं बोलायला आवडायचं, आणि लोकांना मी तशी बोललेली आवडायची.

ही गोष्ट ऐकली की कोणीतरी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' काढतंच, आणि माझं डोकं फिरतं. १३ जानेवारी २०१२ ला ते जहाज इटलीच्या जिलिओ बेटापाशी खडकावर आपटलं, आणि प्रवाशांना सांगत राहिले की विजेचा बिघाड आहे, सगळं आटोक्यात आहे. जहाज सोडायचा हुकूम तासाभराहून जास्त वेळाने निघाला. ३२ माणसं गेली. त्याची आणि माझ्या अर्ध्या तासाची तुलना कशी करता? तिथे जहाजाची कूस फाटली होती, इथे वारा होता.

तरी डोकं फिरतं, कारण पुरतं उडवून लावता येत नाही. त्या अपघातानंतर नियम कडक झाले. पूर्वी सुरक्षा-कवायतीला चोवीस तासांची मुभा असायची, आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या व्हावी लागते. आमच्याकडे कवायतीची घोषणा माझ्या आवाजात व्हायची. सात आखूड भोंगे, एक लांब, आणि मग स्पीकरवरून जे सांगितलं जाईल ते ऐका. पहिल्या दिवशी मी हे बजावलं होतं. त्या बाईलाही, लाइफ जॅकेट घालून रांगेत उभी असताना.

आता गुणांचं सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या लेखी तिथे असतं. फेरी संपली की प्रवाशांना प्रश्नावली जाते आणि डायरेक्टरची पुढची बढती त्या आकड्यांवर. त्या कंत्राटातले माझे सर्वांत चांगले गुण त्याच फेरीचे होते. बंदर हुकूनही प्रवासी खूश, म्हणून वरून कौतुकाची मेल आली. पुढे नव्या पोरांना शिकवताना 'हुकलेलं बंदर कसं सांभाळावं' याचं उदाहरण म्हणून मी हीच फेरी सांगायचे. नवं वेळापत्रक, वीस मिनिटं, जादा शो. तिसऱ्या रांगेतली बाई त्यात नसायची. तिने प्रश्नावलीत काय भरलं, किंवा भरली की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. नावं आमच्यापर्यंत येत नाहीत.

म्हणजे पुढे मी सुधारले, खरं बोलायला लागले आणि सगळं छान झालं, असं वाटत असेल तर थांबा. मार्च २०२०. जगभरची बंदरं एकामागून एक बंद होत होती आणि आम्ही समुद्रात. एका दुपारी कळलं की पुढच्या बंदराने नकार दिलाय. या वेळी मी कोणाला विचारलं नाही. दहा मिनिटांत माइकवर गेले आणि म्हटलं, "बंदराने नाही म्हटलंय. आपण कुठे उतरणार हे या घडीला कोणालाच माहीत नाही. कळेल तेव्हा सांगेन." विनोद नाही, लाडिकपणा नाही. स्टॅनलीची फेड केल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

अर्ध्या तासात रिसेप्शनवर गर्दी फुटली. कोणाची औषधं चार दिवसांची उरली होती, कोणाचं विमान होतं. एकाने पाण्याचा जग काउंटरवर आपटला, त्याची काच मुलीच्या हातात घुसली. तीन टाके पडले. होटेल डायरेक्टर, हा वेगळा, माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "आधी मला फोन केला असतास तर चार माणसं उभी केली असती तिथे." त्याचंही चूक नव्हतं. मी त्या मुलीकडे रात्री गेले, तर ती मलाच समजावत बसली.

ज्यांना क्रूझ बुक करायची आहे त्यांनी डायरेक्टर बघून बुक करू नका. कंत्राटं काही महिन्यांची असतात, तुम्ही चढाल तेव्हा तो सुट्टीवर गेलेला असेल. जहाज बघा, मार्ग बघा, हवामान बघा.

आणि मला पुन्हा विचारायचंच असेल, तर आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. त्या थिएटरात स्टिकर लावून तुम्ही बसला असतात, तर तुम्हाला साडेसातला ऐकायला आवडलं असतं की पावणेदहाला? बऱ्याच जणांना विचारून झालंय. सगळे साडेसात म्हणतात. तो जग आपटणारा गृहस्थही साडेसातच म्हणाला असता.